ढाक्यात दादाला शोधताना

दादाचा शेवटचा फोन आला तो १८ जुलै २०२४ ला, गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास. "पार्टी पेमेंटचं रविवारी बघू म्हणतीया. बाहेर गडबड हाय. उद्या सकाळीच ढाक्याला सरकतो, शनिवारचं विमान चुकायला नको," एवढंच बोलला. रात्री वहिनींनी त्याला मुलीच्या शाळेचं काहीतरी विचारलं. त्या मेसेजवर एकच टिक आली आणि ती तशीच राहिली.

आमचा धंदा सुताचा. इचलकरंजीच्या आसपासच्या गिरण्यांतून सूत उचलायचं आणि बांगलादेशातल्या होजिअरीवाल्यांना द्यायचं. भारताच्या सुती सुताचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक बांगलादेशच. ढाक्याजवळ शीतलक्षा नदीच्या काठी नारायणगंज आहे, तिथलं टानबाजार म्हणजे सुताची जुनी पेठ. दादा बारा वर्षं तिथं जातोय. बाजारापुरतं बंगाली त्याला येतं. मी चार वेळा गेलो होतो, त्यामुळं माझ्या पासपोर्टवर चालू असलेला बिझनेस व्हिसा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण तो नसता तर मी त्या आठवड्यात निघूच शकलो नसतो.

तिथली गडबड सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून होती. मुक्तियोद्ध्यांच्या वारसांचा ३० टक्के कोटा हायकोर्टानं ५ जूनला पुन्हा लागू केला आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. १६ जुलैला रंगपूरमध्ये अबू सईद हा विद्यार्थी पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला, त्याचा हात पसरून उभा असलेला व्हिडिओ आम्हीही पाहिला होता. १८ तारखेला रात्री अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद झालं. शुक्रवारी मध्यरात्रीपासून संचारबंदी आणि रस्त्यावर लष्कर.

शनिवारी दादा विमानात नव्हता.

पहिले दोन दिवस फोन लावण्यात गेले. आपण व्हॉट्सॲपच्या इतके आहारी गेलोय की पार्टीच्या, म्हणजे टानबाजारातल्या आमच्या गिऱ्हाईकाच्या, गादीचा (पेढीचा) साधा लँडलाइन नंबर कुणाकडं नव्हता. जुन्या इनव्हॉइसवर तो सापडला. रविवारी दुपारी, कितव्या तरी प्रयत्नात, तो एकदा लागला. मालक म्हणाले, "दादा शुक्रवारी सकाळीच हॉटेल सोडून ढाक्याला गेले." ढाक्यात उत्तरा भागातल्या ज्या हॉटेलात तो नेहमी उतरतो, तिथं तो पोचलाच नव्हता. म्हणजे नारायणगंजच्या चाषाढा भागातलं त्याचं हॉटेल ते उत्तरा, या रस्त्यात कुठंतरी.

इकडं पोलिसांत मिसिंगची तक्रार दिली. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर नोंद केली, खासदारांच्या ऑफिसातून दिल्लीला फोन झाले. ढाक्यातल्या आपल्या हायकमिशनची हेल्पलाइन लागली तेव्हा पलीकडच्या माणसाचा आवाज बसलेला होता. त्या देशात तेव्हा सुमारे १५,००० भारतीय होते, त्यातले ८,५०० विद्यार्थी, आणि त्या पोरांना सीमेपर्यंत सुखरूप आणायचं काम चाललेलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. आई म्हणाली, "लिहून घेणाऱ्यानं तो सापडणार न्हाई. तू जा."

निघताना एक गोष्ट बरी सुचली. दादाचा फोटो पोस्टकार्डाच्या आकारात छापून घेतला, पन्नास प्रती. नेट नसलेल्या गावात मोबाइलमधला फोटो तुम्हाला एका वेळी एकाच माणसाला दाखवता येतो. कोलकात्यात बडाबाजारातल्या आमच्या दलालानं रात्री बसून प्रत्येक फोटोच्या मागं बंगालीत तीन ओळी लिहिल्या : नाव, वय ४७, शुक्रवारपासून बेपत्ता. दादाचं नाव 'व'नं सुरू होतं. त्यानं 'ब' लिहिला. मी दुरुस्त करायला गेलो तर म्हणाला, "बंगालीत तुमचा 'व' नाहीच. कुणी 'ब' लिहील, कुणी 'भ'. दोन्हीकडं शोधा." हा सल्ला मी पुढं प्रत्येक रजिस्टरवर पाळला. त्याचा उपयोग झाला नाही, पण त्याचं कारण वेगळं होतं.

२३ तारखेला, मंगळवारी, ढाक्यात उतरलो. विमानतळाबाहेर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास हातात धरून चालायचं, प्रत्येक चौकीवर दाखवायचं. एरवी ज्या रस्त्यावर तास-दीड तास अडकायला होतं तिथं कुत्री बसली होती. हॉटेलवाल्यानं पहिलाच प्रश्न विचारला, रोख आहे का? कार्ड चालत नव्हतं, एटीएम रिकामी, लोक विजेचं प्रीपेड मीटर रिचार्ज करायला ऑफिसबाहेर रांगा लावून उभे. मी डॉलर नेले होते, ते मोडून द्यायला कुणी तयार नव्हतं. हॉटेलच्या मॅनेजरनं स्वतःच्या खिशातून टाका दिले. अशा वेळी विमानतळावरच पाचशे आणि शंभरच्या नोटा करून घ्याव्यात, ही अक्कल मला तिथं आली.

बुधवारपासून ढाका आणि नारायणगंजमध्ये सकाळी दहा ते संध्याकाळी पाच सवलत सुरू झाली. म्हणजे शोधायला दिवसाचे सात तास. दहाला बारिधाऱ्यातल्या हायकमिशनच्या दारात होतो. तिथल्या अधिकाऱ्यांनी लेटरहेडवर चार ओळींचं पत्र दिलं, हॉस्पिटलांनी आणि पोलिसांनी सहकार्य करावं म्हणून. त्या पत्राच्या मी दहा झेरॉक्स काढल्या. मूळ प्रत कुणाच्या हातात देऊ नका, असं त्यांनी बजावलं होतं. एका ठिकाणी झेरॉक्सच खरोखर परत मिळाली नाही.

मग ढाका मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. इमर्जन्सीच्या टेबलावर जाडजूड रजिस्टर, रेघा मारलेली पानं, निळ्या शाईत बंगाली अक्षरं. मला ती वाचता येत नव्हती. फोटोमागचं नाव चित्रासारखं डोळ्यांत साठवून मी तसलाच आकार शोधत होतो. १९ तारखेची पानं संपता संपत नव्हती. गोळी, छर्रे, गोळी, गोळी. कितीतरी ओळींत नावाच्या जागी एकच शब्द पुन्हा पुन्हा दिसत होता. क्लार्कला विचारलं. तो म्हणाला, "अज्ञात." तो शब्द मात्र भाषांतर न करता समजला.

शवागारात जायला मी तयार नव्हतो, पण गेलो. दादाच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला नख नाही. लहानपणी मागावरचं बीम पायावर पडलं होतं. म्हणून मी तोंडाकडं बघायचं नाही, फक्त पाय बघायचे, असं ठरवलं. तिथला माणूस चादर पायाकडून उचलायचा, मी मान हलवायचो, तो पुढं जायचा. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांचे पाय होते बहुतेक. एकाच्या तळव्याला अजून निळा रंग होता, रंगाऱ्याकडं काम करत असावा. त्या पोराचे पाय मला अजून दिसतात. बाहेर आल्यावर त्याच माणसानं सांगितलं, इथून कुणी न्यायला न आलेले देह 'आंजुमान मुफिदुल इस्लाम' ही संस्था नेते आणि दफन करते, तिथंही विचारून घ्या. १९०५ पासून ते हे काम करताहेत. त्यांच्याकडं त्याला 'बेवारिश' म्हणतात. आपला बेवारस शब्दच. घरी तीन पिढ्यांचं माणूस असलेल्या माझ्या भावाला त्या यादीत शोधताना काय वाटलं ते लिहिता येणार नाही. तिथंही तो नव्हता.

त्याच दुपारी शेर-ए-बांगला नगरला गेलो. तिथं सरकारी हॉस्पिटलं एकाला लागून एक आहेत : हाडांचं, हृदयाचं, डोळ्यांचं, मेंदूचं. पाचच्या आत जितक्या दारांत पोचता आलं तितक्या दारांत नाव सांगितलं, 'ब'नं आणि 'भ'नंही. सगळीकडं नाही. एका ठिकाणी टेबलावरचा माणूस रजिस्टर उघडायलाच तयार होईना. त्याची चूक नव्हती. साध्या वेशातले लोक येऊन जखमींच्या याद्या नेत होते आणि रजिस्टर मागणाऱ्या प्रत्येकाची धास्ती बसली होती. मी पत्र दाखवल्यावर त्यानं स्वतः पानावरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

दादा तेव्हा माझ्यापासून दोन मजले वर होता.

गुरुवारी नारायणगंज. यात्राबाडीचा भाग ओलांडताना रस्त्यावर जळलेल्या टायरांचे काळे गोल होते, हनिफ फ्लायओव्हरचा टोलनाका जळालेला, 'साइनबोर्ड' नावाच्या नाक्याजवळच्या पासपोर्ट ऑफिसच्या खिडक्यांवर धुराचे पट्टे. टानबाजारात पार्टीच्या मालकांनी मला गादीवर बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी एक माणूस सोबत दिला. आधी पोलीस ठाणं. तिथं बेपत्ता माणसाची जीडी करावी लागते, म्हणजे जनरल डायरीतली नोंद. पहिल्या ठाण्यानं सांगितलं, चाषाढ्यातून निघाला असेल पण हरवला कुठं ते माहीत नाही, मग आमची हद्द कशी? दुसऱ्यानं सांगितलं, निघाला तिथं करा. हद्दीचं हे दुखणं आपल्याकडंही आहेच. दोन तास गेले. शेवटी पार्टीच्या माणसानं निघाल्याच्या जागेवरूनच जीडी करून घेतली. तो नंबर पुढं प्रत्येक कागदावर लागला, त्यामुळं ते दोन तास वाया गेले असं म्हणणार नाही.

खानपूरचं ३०० खाटांचं हॉस्पिटल झालं, व्हिक्टोरिया झालं. साडेतीन वाजले होते. आता मागंच फिरायचं म्हणून दादाच्या हॉटेलवर गेलो, आणि काम झालं ते तिथल्या दरवानाशी बोलून. हे आधी का केलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. मॅनेजरला दादाचा पासपोर्ट नंबर माहीत होता. दरवानाला दादा कशात बसून गेला ते माहीत होतं. सीएनजी रिक्षा त्यानंच बोलावली होती, ओळखीच्या ड्रायव्हरची. ड्रायव्हरचा फोन शनिवारपासून बंद. पण त्याचं गॅरेज दरवानाला ठाऊक होतं.

गॅरेजमध्ये एक म्हातारे मिस्त्री इंजिन उघडून बसले होते. मी फोटो पुढं केला. त्यांनी हात पुसले, फोटो घेतला, उलटा करून मागचं वाचलं, आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मी कोण, हे पार्टीच्या माणसानं दोनदा सांगितल्यावर म्हणाले, "चोखे गुली लागसे."

मला 'गुली' कळलं. 'चोख' कळलं नाही. आमच्याकडं हिशोब चोख असतो, माल चोख असतो. गोळी चोख लागली, म्हणजे नेमकी लागली, म्हणजे गेला, असाच अर्थ माझ्या डोक्यात उतरला आणि मी तिथल्या टायरवर बसलो. मिस्त्री माझ्याजवळ आले, उकिडवे बसले, आणि ग्रीसनं काळं झालेलं बोट स्वतःच्या उजव्या पापणीवर ठेवलं. चोख म्हणजे डोळा. "बाइच्या आसे," म्हणाले. जिवंत आहे.

बाकीचं ड्रायव्हरनंच फोनवर सांगितलं, मिस्त्रींनी कुठल्यातरी दुसऱ्या नंबरावर त्याला गाठलं तेव्हा. शुक्रवारी साइनबोर्डच्या अलीकडं दोन्ही बाजूंनी धावपळ सुरू झाली. दादानं काय चाललंय बघायला रिक्षाच्या जाळीतून तोंड बाहेर काढलं आणि छर्रे आले. पहिल्या खासगी दवाखान्यानं, माणूस परदेशी आणि केस गोळीची, म्हणून दारातूनच परत पाठवलं. या गोंधळात दादाची बॅग गेली, तिच्यात पासपोर्ट, आणि मोबाइलही गेला. ड्रायव्हरनं गल्ल्यागल्ल्यांतून रिक्षा ढाका मेडिकलला नेली, आणि तिथं नाव विचारल्यावर त्यानं स्वतःच्या मोठ्या भावाचं नाव सांगितलं. वय जुळत होतं. बापाचं नाव स्वतःच्या बापाचं, पत्ता स्वतःच्या घरचा. तिथून डोळ्यांच्या हॉस्पिटलात पाठवलं तेव्हाही तेच नाव पुढं गेलं. दादाला त्यानं बजावलं, कमी बोला, कुणी विचारलं तर डाइंगमध्ये (कापड रंगवायच्या कारखान्यात) काम करतो म्हणा.

म्हणजे मी ज्या नावानं दोन दिवस दारं ठोठावत होतो त्या नावाचा माणूस ढाक्यातल्या कुठल्याही रजिस्टरवर नव्हताच.

त्यापुढचं त्यानं जरा थांबून सांगितलं. जखमींच्या यादीत त्याच्या भावाचं नाव गेलं होतं. ते लोक ब्लॉक रेड म्हणतात, रात्री अख्खी वस्ती वेढून घरं तपासायची. त्यात सोमवारी रात्री त्याच्या घरी येऊन भावाचं नाव घेऊन विचारणा झाली. भाऊ घर सोडून मेघना नदीपलीकडं बायकोच्या माहेरी गेला. म्हणून ड्रायव्हरचाही फोन बंद. अंगावर एक ओरखडा नसलेला माणूस माझ्या भावापायी घर सोडून बसला होता, आणि हा मला विचारत होता की दादांना दुधात हळद चालते का, कारण त्याच्या बायकोला ती दादांना द्यायची होती.

पाच वाजून गेले होते. ती रात्र मी टानबाजारातल्या गादीवर काढली. शुक्रवारी सकाळी सवलत आठलाच सुरू झाली. दोन मजले चढून वॉर्डात गेलो. दोन्ही बाजूंच्या खाटांवर आणि जमिनीवरही डोळ्यांना पट्ट्या बांधलेली पोरं. कुणाची एक, कुणाच्या दोन. दादा भिंतीकडच्या खाटेवर बसला होता. उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा सुजून मिटलेला. हातात चादरीची कड होती, तिचा एक धागा काढून तो अंगठ्यानं पीळ उलगडत होता. सुताचा काउंट बघताना करतो तसं. मी हाक मारायच्या आधीच त्यानं मान वळवली. माझ्या चालण्यावरून कळलं म्हणाला.

"धाकल्या, आलास व्हय रं?"

मी काही बोललो नाही. त्याचा अंगठा बघितला. पायाचा.

घरी फोन का केला नाहीस, हे मी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्याला पाठ असलेला नंबर एकच, वहिनींचा. नर्सनं, वॉर्डबॉयनं, शेजारच्या पोराच्या बापानं, सगळ्यांनी लावून बघितला होता. बाहेरदेशी लागत नव्हता, आणि बऱ्याच जणांचा बॅलन्स संपलेला, रिचार्ज करायची सोय नाही. टानबाजारचे सगळे नंबर हरवलेल्या मोबाइलमध्ये.

त्यानंतरचा आठवडा कागदांचा. रजिस्टरातलं नाव बदलणं हे मी सगळ्यात आधी हातात घेतलं. हरवलेल्या पासपोर्टऐवजी मिळणाऱ्या इमर्जन्सी सर्टिफिकेटसाठी ते लागणारच होतं, पण माझ्या डोळ्यांपुढं मेघनेपलीकडचा तो माणूस होता. हायकमिशनचं पत्र, दादाच्या जुन्या पासपोर्टची झेरॉक्स आणि जीडीची प्रत घेऊन मी मोठ्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक शब्द वावगा बोलले नाहीत. क्लार्कनं लाल शाईनं जुनं नाव खोडलं, वर दादाचं लिहिलं, बाजूला सही आणि शिक्का. 'ब'नंच लिहिलं. त्या पानाची झेरॉक्स मागितली तर डॉक्टरांनी स्वतःची सहीही खाली केली.

ती झेरॉक्स घेऊन रविवारी, २८ तारखेला, गॅरेजवर गेलो. त्याच दुपारी मोबाइलचं इंटरनेट सुरू झालं आणि माझ्या खिशात पाच दिवसांचे मेसेज एकदम वाजायला लागले. ड्रायव्हर आला होता. पंचविशीतला, बारीक पोरगा. कागद त्यानं दोनदा वाचला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला. मग शर्टाच्या खिशातून सिगारेटच्या पाकिटाचा फाडलेला पुठ्ठा काढला. त्यावर दादाचा खर्च होता : डोळ्यांत घालायचं औषध, इंजेक्शन, पट्ट्या, दोन लुंग्या, केळी. एकूण ३,७८० टाका. रिक्षाचं भाडं त्यानं लावलं नव्हतं. मी जास्त देऊ केले तर त्यानं तेवढेच मोजून घेतले, भाड्याचे मात्र मी म्हटल्यावर घेतले.

हरवलेल्या पासपोर्टची वेगळी जीडी, हायकमिशनचं सर्टिफिकेट, मग बांगलादेश इमिग्रेशनची देश सोडायची परवानगी, या क्रमानं सगळं झालं. डॉक्टरांनी विमानाला हरकत नाही असं लिहून दिलं. डोळ्यात गॅस भरलेला असता तर उडता आलं नसतं, पण त्यांनी फक्त फाटलेलं शिवलं होतं. ३१ जुलैला आम्ही निघालो.

पाच दिवसांनी, ५ ऑगस्टला, तिथलं सरकार कोसळलं. शेख हसीना देश सोडून भारतात आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं नंतर अंदाज दिला की त्या दीड महिन्यात १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत. तो आकडा वाचला तेव्हा मला चादरीबाहेरचे पाय आठवले.

पुण्यात दादाचं दुसरं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो, त्याहून जास्त नाही. तो गादीवर येतो, सूत आता बोटांनीच बघतो.

६ ऑगस्टला रात्री त्याला बांगलादेशातून एक फोन आला. पलीकडच्या माणसानं नाव सांगितलं, आणि दादा ताठ बसला. आठ दिवस डॉक्टर आणि नर्स त्याला ज्या नावानं हाक मारत होते, तेच नाव. घरी परत आलोय, असं तो माणूस सांगत होता. सकाळपासून डाइंगवर जातोय.